नदीच्या कवितांचं चिनी पोस्टर करताय? या चुका टाळा

चीनमधल्या शाळेत मूल घातलेल्या प्रत्येक मराठी घराला 'शोऊ छाओ बाओ' हे प्रकरण ठाऊक असतं. आठ-काईचा जाड कागद, म्हणजे साधारण 26 × 37 सेंमी. त्यावर हाताने लिहिलेला मजकूर, हाताने काढलेली चित्रं, वर ठसठशीत शीर्षक आणि कडेने वेलबुट्टी. आपल्या शाळेतलं भित्तिपत्रक अख्ख्या वर्गाऐवजी एकाच पोराच्या गळ्यात मारलं तर जे होईल, ते हे. वसंतोत्सव असो, वृक्षारोपण असो, अग्निसुरक्षा असो, शाळा पोस्टर मागणार. आणि कधी ना कधी विषय येणार: जुन्या कवितांमधल्या नद्या.

मी सुझौमध्ये राहते, चिनी शिकवते. शनिवार-रविवारी सोसायटीतली मुलं कागदाची सुरळी घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येतात, तेव्हा पोस्टर निम्मं झालेलं असतं आणि निम्म्याहून जास्त बिघडलेलं असतं. पुण्यात मँडरिन शिकणारी कॉलेजची मुलंही स्पर्धेसाठी केलेल्या पोस्टरांचे फोटो पाठवतात. चुका त्यांच्याही त्याच, तिसरीतल्या पोरांच्याच. म्हणून एकदाच लिहून ठेवते, दर वेळी तोंडाची वाफ दवडायला नको.

डोंगर बरोबर, पण भलताच

सगळ्यात जास्त बळी घेणारी कविता म्हणजे थांग राजवटीतला कवी ली बाय याची थ्येनमन डोंगरावरची. चारच ओळी. थ्येनमन मधोमध दुभंगतो आणि छू या जुन्या राज्यातली नदी, म्हणजे यांगत्से, वाट काढते. हिरवंगार पाणी पूर्वेकडे वाहत येतं आणि इथे येऊन वळतं. दोन्ही काठांवरचे हिरवे डोंगर समोरासमोर पुढे सरसावतात, आणि सूर्याच्या कडेने एकच शीड येताना दिसतं.

आता मुलं काय करतात? फोनवर 'थ्येनमन शान' शोधतात. समोर येतो हूनान प्रांतातल्या झांगज्याज्येचा थ्येनमन: उभा कडा, त्यात 131.5 मीटर उंचीचं आरपार भगदाड, तिथवर चढणाऱ्या 999 पायऱ्या. दिसायला भव्य, त्यामुळे शंकाच येत नाही. पण ली बायचा थ्येनमन तो नव्हे. कवितेतला थ्येनमन आन्हुई प्रांतात आहे, आणि तो एक डोंगर नाहीच. यांगत्सेच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन टेकड्या, वूहूच्या बाजूची पूर्व-ल्यांग आणि पलीकडची पश्चिम-ल्यांग. लांबून दोन्ही मिळून दाराच्या दोन फळ्यांसारख्या दिसतात आणि मधून नदी जाते. झांगज्याज्येच्या भगदाडातून वारा जातो, ढग जातात, 1999 साली कसरतीची विमानंसुद्धा गेली. नदी मात्र जात नाही.

आमच्या सोसायटीत एक मराठी कुटुंब आहे. मुलगा तेव्हा तिसरीत. ऑक्टोबरच्या सुट्टीत मंडळी झांगज्याज्येला जाऊन आली होती आणि नेमकं परत आल्यावर हे पोस्टर आलं. बाबा इंजिनिअर, हौस दांडगी. त्यांनी ठरवलं, आपलं पोस्टर नुसतं सपाट नको. मग जाड कार्डशीटचा कडा कापला, कटरने त्यात भगदाड कोरलं, फोमचे तुकडे लावून तो कागदापासून वर उचलला, पायऱ्यांसाठी पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. मुलगा शेजारी बसून डिंकाची बाटली धरायचं काम करत होता. कवितेला जागा उरली ती खालच्या कोपऱ्यात, बसच्या तिकिटाएवढी. मी जिन्यात भेटले तेव्हा बाबांनी अभिमानाने फोनवर फोटो दाखवला. मी म्हटलं, "छान झालंय हो, पण नदी कुठाय?" त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी मुलाला नेमका तोच प्रश्न विचारला. मुलगा हुशार. म्हणाला, "डोंगराच्या मागे आहे." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी त्याला कवितेची तिसरी ओळ वाचायला सांगितली. दोन्ही काठांवरचे डोंगर समोरासमोर. एक काठ इकडे, एक काठ तिकडे. पोराने पोस्टरकडे पाहिलं आणि गप्प झालं.

संध्याकाळी मायलेक माझ्याकडे आले. बाबा आले नाहीत, त्यांचा कडा अजून उतरायचा होता. आम्ही नवा कागद घेतला. डाव्या कडेला एक टेकडी, उजव्या कडेला दुसरी, दोन्ही निम्म्या कागदाबाहेर गेलेल्या. मध्ये मोकळं पाणी, लांबवर बोटाच्या नखाएवढं शीड. हे सगळं पोराने एकट्याने केलं, आणि कडा कोरायला लागला त्याच्या पावपट वेळात झालं. कविता मधोमध, पाण्याच्या वर, सुटसुटीत बसली.

यावर माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही, नुसती सवय आहे. कागद पालथा करायचा आणि मागे पेन्सिलीने लिहायचं: कोणती नदी, आजच्या कोणत्या प्रांतात, कवी काठावर आहे की होडीत, पाणी कुठून कुठे वाहतंय. पाठ्यपुस्तकात कवितेखाली टिपा असतात, त्यात यातलं बरंचसं असतं. टिपा वाचायला दोन मिनिटं लागतात. तयार साचा शोधायला लोक तासभर घालवतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

पाणी कुठून कुठे, हे का विचारते? ली बायचीच दुसरी कविता घ्या, पहाटे बायदी सोडल्याची. 759 साली हद्दपारीच्या वाटेवर असताना त्याला माफी मिळाली आणि तो यांगत्सेतून उलट फिरला. बायदी वरच्या अंगाला, आजच्या छोंगछिंगच्या हद्दीत; ज्यांगलिंग खालच्या अंगाला, हूबेमध्ये. हजार 'ली'चं अंतर (ली हे चिनी अंतराचं माप) एका दिवसात कापलं, कारण होडी प्रवाहाबरोबर सुटली होती. पोस्टरवर मात्र होडी बायदीच्या पायथ्याशी बांधलेली असते, नाहीतर नाक पश्चिमेकडे करून निवांत वल्हवत असते. होडी डावीकडून उजवीकडे, नाक पुढे, शीड फुगलेलं. एवढं केलं तरी निम्मी कविता चित्रात आली. आणि बायदीचा आजचा फोटो बघून काढू नका. तीन घळींच्या धरणाचं पाणी चढल्यापासून ती जागा बेट झाली आहे आणि तिथे जायला पूल आहे. एका पोस्टरवर तर पार्श्वभूमीला धरणाची भिंतच होती. ली बायची होडी मग कुठून जाणार, जहाजांच्या लिफ्टमधून?

त्याच कवितेतली माकडं फक्त ऐकू येतात. केळी खाताना काढू नका.

दर पोस्टरवर पौर्णिमा

नदी म्हटली की रात्र, रात्र म्हटली की चंद्र, आणि चंद्र म्हटला की वाटी पालथी घालून काढलेलं पिवळं वर्तुळ. मी या वर्तुळाला अक्षरशः कंटाळले आहे.

बाय ज्यूयीची संध्याकाळच्या नदीवरची कविता बघा. मावळतीचं एक ऊन पाण्यावर पसरलंय, अर्धी नदी हिरवट, अर्धी लाल. पुढच्या ओळीत कवी तिथीच देऊन टाकतो: नवव्या महिन्याची तिसरी रात्र. दव मोत्यांसारखं, चंद्र धनुष्यासारखा. याहून स्पष्ट कवीने काय सांगायचं? चिनी चांद्रमहिना आपल्या पंचांगासारखाच अमावास्येपासून मोजतात, म्हणजे ही आपली शुद्ध द्वितीया-तृतीया. ज्यांच्या घरात कालनिर्णय टांगलेलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागू नये. तरी परवा एका ताईंनी मला सांगितलं, "अहो, कोर काढली तर जागा रिकामी दिसते."

आणि कोर काढली तरी ती उलटी काढतात. सूर्य नुकताच मावळलाय, कोर पश्चिमेला आहे, तेव्हा तिची उजळ फुगीर बाजू मावळत्या सूर्याकडे हवी. सरळ सांगायचं तर कोरीचं पोट उजवीकडे आणि खाली, टोकं डावीकडे आणि वर. इंग्रजी 'सी'सारखी कोर ही पहाटेची, अमावास्येच्या आधीची. ती काढली की कवितेतली संध्याकाळ गेली. मुलांना हे सांगायचं तर वहीत बघण्यापेक्षा अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी गच्चीवर नेऊन दाखवावं. पोस्टरला तेवढा वेळ नसतो हे मान्य, पण मग निदान शिक्का मारल्यासारखी पौर्णिमा तरी नको.

याच्याही वर कडी म्हणजे झांग जीची फंगछ्याओ पुलापाशी रात्री होडी थांबवल्याची कविता. पहिल्याच दोन अक्षरांत चंद्र मावळलाय. पहिल्याच! मग कावळे ओरडतात, आभाळभर हिंव दाटलंय, कोळ्यांचे दिवे दिसतात, झोप लागत नाही, आणि मध्यरात्री सुझौबाहेरच्या हानशान मंदिराची घंटा होडीपर्यंत येते. मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा चंद्र म्हणजे सप्तमी-अष्टमीचा. त्यामुळे आभाळ काळंनिळं आणि रिकामं, उजेड फक्त होडीतल्या दिव्यांचा. एवढं सोपं आणि देखणं चित्र दुसऱ्या कुठल्या कवितेत मिळणार नाही. पण पोस्टरवर पुलाच्या बरोब्बर वर भलाथोरला चंद्र असतोच, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंबही. मंदिर आमच्या घरापासून लांब नाही. पाहुण्यांना घेऊन तिथे जाते तेव्हा पुलावर उभी राहून ही कविता म्हणून दाखवते. कुणी ना कुणी विचारतंच, "हीच का ती यांगत्से?" नाही हो. पुलाखालून जातो तो महाकालवा आहे. कवितेत 'ज्यांग' (म्हणजे नदी) दिसलं की खाली 'यांगत्से' असं लेबल लावायची जी खोड आहे, ती इथे उघडी पडते. मंग हाओरानने ज्या ज्यानदे नदीवर होडी लावून रात्र काढली, तीही झज्यांग प्रांतातली वेगळीच नदी.

पौर्णिमेचा चंद्र काढायची एवढीच हौस असेल तर झांग रूओशूची वसंतनदीच्या रात्रीची कविता घ्या. तिथे भरतीबरोबर चंद्र समुद्रातून वर येतो, मग काढा वाटेल तेवढा मोठा. फक्त ती 36 ओळींची आहे. चार ओळी निवडून लिहा, पूर्ण उतरवायच्या फंदात पडू नका.

आधी चित्र, मग उरलेल्या जागेत कविता

हे घराघरात होतं, कारण रंगवायला मजा येते आणि लिहायला कंटाळा. शेवटी अक्षरं मुंग्यांएवढी होतात, ओळ वळून खाली जाते, आणि सात अक्षरांची ओळ पाच आणि दोन अशी तुटते. कवितेची ओळ तुटली की पोस्टर संपलं, मग चित्र कितीही सुंदर असो.

हिशोब सोपा आहे. सात अक्षरी चौपदीत 28 अक्षरं. प्रत्येक ओळीला सात अक्षरं आणि एक विरामचिन्ह, म्हणजे आठ घरं. घर 1.2 सेंमीचं धरलं तर रुंदी 10 सेंमीच्या आतबाहेर. उभे सहा थर: शीर्षक, मग कंसात राजवट आणि कवीचं नाव, मग चार ओळी. मध्ये अर्धा-पाऊण सेंमी श्वास ठेवला तर 11 सेंमी उंची. म्हणजे एका कवितेला 10 × 11 चा चौकोन लागतो, आठ-काईवर अशा तीन कविता सुखाने बसतात. सात-आठ कविता घेऊन येणाऱ्या पालकांना मी हाच हिशोब पट्टीने कागदावर आखून दाखवते. त्यांचा चेहरा पडतो, पण त्याला माझा इलाज नाही. तीन घ्या: एक यांगत्सेची, एक ह्वांग-होची, एक तिसऱ्याच छोट्या नदीची. बाई खूश होतात, कारण बाकीच्या वर्गाने यांगत्सेच घेतलेली असते.

रेघा गडद पेन्सिलीने मारून नंतर खोडणं हा मोठा घातवार. शाई वाळायच्या आत खोडरबर फिरतो आणि अख्खी ओळ राखाडी होते. मी घरं फिकट राखाडी रंगपेन्सिलीने आखते आणि ती खोडतच नाही. लांबून दिसत नाहीत, जवळून दिसली तर नीटनेटकी वाटतात. अक्षरं लिहायला पाण्याने न पसरणारं बारीक टोकाचं काळं पेन. जेल पेनवर स्केचपेनचा रंग गेला की काळ्या शाईचा ओघळ फुटतो. मार्कर वापरणार असाल तर आधी कागदाच्या मागच्या बाजूला एक ठिपका देऊन बघा, पुढे उमटला तर तेलखडूवर या.

हौसेने उभ्या ओळीत लिहिणाऱ्यांसाठी एवढंच: पहिली ओळ उजवीकडे. डावीकडून सुरुवात केली की वाचणाऱ्याच्या दृष्टीने ली बाय आधी दहा हजार डोंगर ओलांडतो आणि मग पहाटे बायदी सोडतो.

बर्फात पक्षी

ल्यू झोंगयुआनला 805 साली राजधानीतून हाकलून दूर दक्षिणेत योंगझौला धाडलं. तिथे त्याने वीस अक्षरांत एक नदी लिहिली. हजार डोंगर, पक्ष्यांचं उडणं संपलेलं. दहा हजार वाटा, माणसांच्या पावलांच्या खुणा पुसलेल्या. एकटी होडी, इरलं पांघरलेला म्हातारा, थंड नदीच्या बर्फात एकटा गळ टाकून बसलेला.

मुलं डोंगर काढतात, आणि डोंगर काढला की हात आपोआप आभाळात चार पक्षी काढतो. मराठी असो, चिनी असो, कुठल्याही देशाचा हात असो. मग काठावर पाऊलवाट, वाटेवर पावलं. कवीने जे जे नाही म्हटलं ते ते सगळं हजर. एका मुलीने मात्र माझ्यासमोर हे चित्र फार चांगलं केलं होतं. खालच्या तिसऱ्या भागात होडी, गळाची एक केसाएवढी रेघ, बाकी कागद कोरा. पाण्याची रेघसुद्धा नाही. मी काही न बोलता चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर आजी आलेल्या, आणि कोऱ्या जागेवर चमकीचे चेरीच्या फुलांचे स्टिकर लावून मोकळ्या झालेल्या. "एवढी जागा वाया घालवायची का गं?" त्यांचाही दोष नाही म्हणा. पोस्टर भरगच्च नसेल तर पोरीने मेहनत केली नाही असं बाईंना वाटेल, ही भीती घराघरात आहे. पण या एका कवितेत कोरा कागद हेच चित्र आहे. बर्फ पांढऱ्या तेलखडूने रंगवू नका, आभाळ निळं करू नका, कडेला वेलबुट्टी तर नकोच. नुसती एक काळी रेघ चौकटीला पुरे. स्टिकर निघाले, पण गोंदाचे डाग राहिले, आणि ते झाकायला शेवटी तिथे कवीचा परिचय लिहावा लागला. परिचय बरा जमला, चित्र गेलं.

पिवळी नदी निळी

तयार साच्यात पाणी निळं असतं म्हणून ह्वांग-होही निळी. अहो, नावातच पिवळी आहे! ल्यू यूशीच्या ओळीत तिची नऊ वळणं आहेत आणि हजारो मैलांची वाळू आहे. पिवळसर मातकट, गेरूच्या जवळचा रंग घ्या, त्यावर तपकिरी तेलखडूच्या आडव्या रेघा ओढा. लोएसच्या, म्हणजे पिवळ्या भुसभुशीत मातीच्या पठारावरून गाळ आणणारी नदी तशीच दिसते. याच्या उलट थ्येनमनच्या कवितेत यांगत्सेचं पाणी पाचूसारखं हिरवं आहे, तिथे तपकिरी नको. आणि बाय ज्यूयीची नदी दोन रंगांची. सरसकट एकच निळा वापरला की तिन्ही कवितांचं पाणी एकाच नळाचं वाटतं.

वांग झीह्वानच्या ग्वानच्यूए मनोऱ्याच्या कवितेत ह्वांग-हो समुद्राला मिळायला निघते, म्हणून मुलं मनोऱ्याच्या खालीच समुद्र काढतात, वर शंखशिंपले. मनोरा शान्शी प्रांतात योंगजीला आहे, समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब शान्दोंगमध्ये. कवीला दिसतो तो डोंगराआड जाणारा सूर्य आणि लांब जाणारी नदी. समुद्र त्याच्या मनात आहे, तो कागदावर आणू नका.

उरलेल्या, पटापट

मित्राला निरोप देतानाच्या ली बायच्या कवितेत 'यान ह्वा'चा तिसरा महिना आहे, म्हणून आभाळात फटाके काढतात. आजच्या बोलीत तो शब्द दारूकामाचा, कवितेत मात्र धुक्यातल्या वसंतफुलांचा. फुलं काढा.

त्याच कवितेतला पीतक्रौंच मनोरा वूहानचा. आजचा मनोरा 1985 साली बांधून झाला, मूळ जागेपासून जरा दूर, कारण जुन्या जागेवर 1957 चा यांगत्से पूल आला. फोटो बघून काढलात तर निदान मागचा पूल आणि गाड्या गाळा.

'लोंढ्यामागून लोंढे, यांगत्सेचं पाणी पूर्वेला चाललं' ही ओळ तीन राज्यांच्या कादंबरीच्या सुरुवातीला छापलेली असते म्हणून ती कादंबरीकाराची ठरत नाही. ती मिंग काळातल्या यांग शेनची.

सू शी थांग काळातला नाही, सोंग काळातला. त्याने लाल कड्यावरची प्रसिद्ध कविता 1082 साली ह्वांगझौला लिहिली. 208 साली जिथे लाल कड्याची लढाई झाली असं मानतात ती जागा वेगळी, नदीच्या आणखी वरच्या अंगाला. दोन्ही एका नकाशात एकाच ठिपक्यावर दाखवू नका.

लू शानच्या धबधब्याच्या कवितेतली 'रुपेरी नदी' म्हणजे आकाशगंगा. चीनच्या नद्यांच्या यादीत तिला घेऊ नका. हसू नका, घेतात.

पाठ्यपुस्तकातला पाठ आणि फोनवरचा पाठ एखाद्या अक्षराने वेगळा निघाला तर पाठ्यपुस्तक. वाद घालायची हौस असेल तर पुढे एम.ए.ला घाला.

शीर्षक जुन्या, पारंपरिक चिनी लिपीत लिहायचं म्हणून रूपांतरकात टाकता आणि 'हजार ली'मधल्या अंतराच्या 'ली'च्या जागी 'आत' अर्थाचं अक्षर येतं. अंतराचा 'ली' जुन्या लिपीतही तसाच राहतो.

देशाचा नकाशा काढू नका. एखादं बेट सुटलं, एखादी रेघ सरकली की शाळा तो कागद भिंतीवर लावणारच नाही, आणि आपण परदेशी, आपल्याला त्यातलं काही धड समजावताही येणार नाही. नदीची नुसती रेघ पुरते. ह्वांग-होचं ते मोठं चौकोनी वळण नीट आलं की कुणीही ओळखतं.

गोदावरी घुसडू नका. विषय चिनी कवितांचा आहे. नाशिककरांनो, तुम्हालाच सांगतेय.

साचे, जाळीच्या पट्ट्या आणि एआय

ऑनलाइन दुकानांत कोरलेल्या प्लास्टिकच्या जाळीच्या पट्ट्या मिळतात. कागदावर ठेवायच्या, पेन्सिल फिरवायची, वेलबुट्टी तयार. मग वर्गाच्या भिंतीवर तेच दोन मासे आणि तोच कमानीचा पूल रांगेने टांगलेला दिसतो. शिक्षकांना हे दारातूनच कळतं. पट्टी वापरायचीच असेल तर फक्त शीर्षकाच्या चौकटीसाठी वापरा, नदीसाठी नाही. नदीची रेघ थरथरली तरी चालते, ती नदीच आहे.

एआयकडून चित्र करून घेऊन खिडकीच्या काचेवर कागद धरून गिरवणं ही नवी साथ आहे. त्या चित्रांत होडीला शिडं भलतीकडे असतात, मनोऱ्याचे मजले मोजावे तर दर बाजूला वेगळे, आणि पाटीवरची चिनी अक्षरं कुठल्याच भाषेतली नसतात. पोरं ती अक्षरंसुद्धा इमानेइतबारे गिरवतात. बाई विचारतात, हे कोणतं अक्षर? मूल म्हणतं, माहीत नाही. आता यावर बाईंनी तरी काय बोलावं?

आणि पालकांनो, तुमचं अक्षर ओळखू येतं. 2021 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने पालकांना गृहपाठ लावू नका असं शाळांना बजावलं. ते वाचून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि रात्री साडेदहाला मुलाला झोपवून पुन्हा रंगाचा डबा उघडला. मुलाचं वाकडं अक्षर चालतं. वाकडं अक्षर आणि शेजारी आर्किटेक्टने काढलेला पूल, हे मात्र चालत नाही.

आदल्या रात्री बिघडलं तर

एक अक्षर चुकलं असेल तर व्हाइटनर लावू नका, जाड कागदावर तो पिवळा पडतो आणि वर शाई धरत नाही. त्याच कागदाची तेवढीच चौकोनी चकती कापा, अक्षर त्यावर लिहा, कडा बोटाने दाबून चिकटवा. मी मुलांना पहिल्यापासूनच त्याच गठ्ठ्यातला एक जादा कागद बाजूला काढायला लावते, तो याचसाठी. ओळच्या ओळ चुकली असेल तर अख्ख्या कवितेचा चौकोन नव्याने लिहून वर चिकटवा आणि त्याला बारीक काळी चौकट द्या, मुद्दामच केल्यासारखं दिसतं.

रंग ओला असताना हेअर ड्रायर फिरवायचा तर लांबून आणि गार वाऱ्यावर, गरम वाऱ्याने तेलखडू वितळून चकाकतो. तेलखडूचं पोस्टर सुरळी करून नेलं की एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला लागतो, म्हणून वर बटर पेपर ठेवा आणि दोन पुठ्ठ्यांत सपाट न्या. पुठ्ठा नसेल तर कुरिअरचा खोका कापा, चीनमध्ये कुणाच्याही घरात तो नसेल असं होत नाही. नाव, इयत्ता, वर्ग मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. आणि मागे लिहिलेली ती नदीची टिपणं खोडू नका. बाईंनी उभं करून विचारलं तर मूल कागद उलटून वाचू शकतं.